जसे आले तसे उत्तर : ‘डिग’ या साधनाचे परीक्षण

डोमेन नावाविषयी काही शंका आली की बहुतेक लोक ब्राउझरमध्ये चौकशीचे एखादे संकेतस्थळ उघडतात, चौकटीत नाव टाकतात आणि हिरव्या-लाल खुणांचा तक्ता वाचून निष्कर्ष काढतात. ‘डिग’ हे साधन हीच चौकशी टर्मिनलमधून, एका ओळीच्या कमांडने करते. तक्ता देणाऱ्या संकेतस्थळांशी त्याची तुलना निव्वळ सोयीच्या निकषावर केली तर डिग हरेल. त्याचे मोल निराळ्या ठिकाणी आहे. सर्व्हरकडून आलेले उत्तर कोणी दिले, किती वेळासाठी दिले आणि कोणत्या अधिकाराने दिले, या तपशिलांसह डिग ते जसेच्या तसे समोर ठेवते आणि त्याचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. सर्व्हर आणि डोमेन सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे आणि बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवताना मला याच गुणाचा सर्वाधिक उपयोग होतो. याच गुणामुळे नवख्या माणसाला हे साधन रुक्ष, किंबहुना काहीसे उद्धट वाटते, हेही मान्य केले पाहिजे.

डिग हे स्वतंत्र उत्पादन नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार झालेले आणि आता इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही ना-नफा संस्था सांभाळत असलेले ‘बाइंड’ हे नेमसर्व्हरचे, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदी ठेवून चौकशीला उत्तर देणाऱ्या सर्व्हरचे, सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासोबत डिग येते आणि मोझिला पब्लिक लायसन्सखाली विनामूल्य मिळते. डेबियन आणि उबुंटूवर ‘बाइंड९-डीएनएसयूटिल्स’, तर फेडोरा आणि रेड हॅटच्या परिवारात ‘बाइंड-यूटिल्स’ या नावाचे पॅकेज बसवले की काम झाले. मॅकवर ते आधीपासूनच असते. विंडोज वापरणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण बाइंडने ९.१६ या मालिकेनंतर विंडोजसाठीचा आधार काढून घेतला. तिथे आता विंडोजमधील लिनक्सच्या (डब्ल्यूएसएलच्या) आत डिग बसवणे हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग उरतो. (या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकाव्या लागतात.)

आता प्रत्यक्ष उत्तराकडे वळू. ‘डिग एक्झाम्पल.कॉम’ एवढेच लिहून एंटर दाबले की पंधरा-वीस ओळींचा मजकूर पडद्यावर येतो आणि आपल्याला हवा असलेला आयपी पत्ता त्यात कुठेतरी मधल्या ओळीत सापडतो. पहिल्या ओळीत डिगची आवृत्ती आणि आपण काय विचारले ते असते. त्याखालच्या शीर्षभागात ‘स्टेटस’ या शब्दापुढे निकाल येतो : सारे ठीक असेल तर ‘नोएरर’. पुढच्या ओळीत ‘क्यूआर’, ‘आरडी’, ‘आरए’ अशी दोन-दोन अक्षरांची निशाणे येतात. हे उत्तर आहे, शोध शेवटपर्यंत नेण्याची विनंती आपण केली होती आणि समोरचा सर्व्हर तसा शोध नेण्यास तयार आहे, असा त्यांचा अनुक्रमे अर्थ. मग प्रश्नाचा विभाग, उत्तराचा विभाग, आणि असल्यास अधिकाराचा व पूरक माहितीचा विभाग. सर्वांत खाली चौकशीला लागलेला वेळ मिलिसेकंदांत, उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, दिनांक व वेळ, आणि आलेल्या निरोपाचा आकार बाइटमध्ये.

ही रचना डिगने मनाने ठरवलेली नाही. सारी नावे आणि पत्ते ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाच्या एकाच फाइलमध्ये लिहून ती सर्वांनी उतरवून घ्यायची, ही जुनी पद्धत जाळ्याच्या वाढीपुढे टिकेना, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नावांची विकेंद्रित व्यवस्था, म्हणजेच डीएनएस, मांडली. १९८७ च्या आरएफसी १०३४ आणि १०३५ या, इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या, दस्तऐवजांत तिचे आजही पायाभूत असलेले रूप ठरले. निरोपाचे चार विभाग, ती निशाणे, ते निकाल हे सगळे त्यातलेच आहेत. निरोप ज्या रूपात तारेवरून आला, त्याच क्रमाने डिग तो मजकुरात उतरवते. त्यामुळे उत्तर वाचायला शिकणे म्हणजे एका परीने डीएनएसच शिकणे होय. आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. उत्तराची खरी ओळ सोडून बाकी सगळ्या ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम असतो. नेमसर्व्हरच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी लिहिलेल्या फाइलमध्ये, अर्धविरामानंतरचा मजकूर टिप्पणी मानला जातो, म्हणजेच डिगचे संपूर्ण उत्तर उचलून झोन फाइलमध्ये चिकटवले तरी फक्त कामाच्या नोंदी वाचल्या जातात. बनवणाऱ्याने कोणासाठी बनवले आहे, हे या एका चिन्हावरून कळते.

उत्तराच्या ओळीत पाच स्तंभ असतात. समजा तिथे ‘एक्झाम्पल.कॉम. ३०० आयएन ए १९२.०.२.१०’ असे आले आहे. (हे नाव आणि हा पत्ता दोन्ही उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहेत.) नावाच्या शेवटी दिसणारा टिंब ही छपाईची चूक नसून नाव मुळापर्यंत पूर्ण लिहिले असल्याची खूण आहे. ‘ए’ म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या आयपी पत्त्याची नोंद. या सगळ्यांत सर्वांत मोलाचा, आणि तक्ता देणाऱ्या संकेतस्थळांवर बहुधा गाळला जाणारा, स्तंभ म्हणजे दुसरा : ३०० हा आकडा. हे उत्तर आणखी किती सेकंद जवळ ठेवायला हरकत नाही, ती ही मुदत. तिला टीटीएल म्हणतात. थोड्या वेळाने तीच कमांड पुन्हा दिली आणि तिथे २८७ दिसले, तर उत्तर मूळ सर्व्हरकडून नव्याने आलेले नाही, मधल्या रिझॉल्व्हरने (आपल्या वतीने नेमसर्व्हरांना विचारून उत्तर आणणाऱ्या सर्व्हरने) आपल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, काढून दिले आहे, हे उघड होते. खालच्या ओळीतला चौकशीचा वेळही तेव्हा झपकन कमी झालेला दिसतो. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला विचारले तर हा आकडा कधी २८७, मग ११२, मग पुन्हा ३०० असा उड्या मारताना दिसतो. एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे आणि त्यांचे वेगवेगळे कॅश असतात, एवढेच त्याचे कारण.

डोमेनच्या नोंदी बदलल्यावर ‘बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात’ हे वाक्य ग्राहकसेवेच्या तोंडून कोणी ऐकले नसेल असे वाटत नाही. डिग हाती असेल तर या वाक्यावर अवलंबून राहावे लागत नाही. मुळात काहीच पसरत नसते. ज्यांच्याकडे जुने उत्तर साठवलेले आहे त्यांच्याकडची मुदत संपली की ते पुन्हा विचारतात, आणि ती मुदत किती ते दुसऱ्या स्तंभात लिहिलेले असते. ‘.कॉम’च्या सर्व्हरकडून मिळणाऱ्या नेमसर्व्हरच्या नोंदींची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असते. तेव्हा नेमसर्व्हरच बदलले असतील तर ४८ तासांच्या भाषेला काही आधार आहे. पण फक्त एका पत्त्याची नोंद बदलली असेल आणि तिची मुदत ३०० सेकंद असेल, तर पाच मिनिटांनंतर थांबून राहण्यात काही अर्थ उरत नाही.

एका संकेतस्थळाचे स्थलांतर केल्यानंतर काही वाचकांना नवे पान दिसत होते, काहींना जुनेच, आणि होस्टिंग कंपनीचे उत्तर नेहमीप्रमाणे ‘वाट पाहा’ असे होते. तेव्हा मी ‘डिग एक्झाम्पल.कॉम +एनएसएसर्च’ या धर्तीची कमांड दिली. डोमेनचे जेवढे अधिकृत (मूळ नोंदी ठेवणारे) नेमसर्व्हर असतील त्या प्रत्येकाला ही कमांड एसओए नोंद, म्हणजे नोंदींच्या आवृत्तीचा अनुक्रमांक असलेली नोंद, विचारते आणि सगळ्यांची उत्तरे एकाखाली एक मांडते. दोन सर्व्हर होते आणि एकाचा अनुक्रमांक दुसऱ्यापेक्षा एकाने मागे होता. म्हणजे नोंद एका सर्व्हरवर बदलली होती, दुसऱ्याने तिची नवी प्रत उचललीच नव्हती, आणि कोणत्या वाचकाला काय दिसेल हे त्याच्या रिझॉल्व्हरने कोणता दरवाजा ठोठावला यावर अवलंबून होते. या स्थितीत नुसती वाट पाहून काही साधले नसते. दोन ओळींची ती नक्कल कंपनीला पाठवल्यावर पुढचे काम लगेच झाले. ग्राहकसेवेशी वाद घालताना आपले म्हणणे सांगण्यापेक्षा सर्व्हरचे म्हणणे दाखवणे अधिक फलदायी ठरते, हा या साधनाचा कोणत्याही पुस्तिकेत न लिहिलेला फायदा आहे.

कोणाला विचारायचे हे आपण ठरवू शकतो, ही डिगची दुसरी मोठी ताकद. ‘@’ या चिन्हापुढे सर्व्हरचे नाव किंवा पत्ता लिहिला की प्रश्न थेट त्याच्याकडे जातो. बिघाड शोधताना माझा क्रम ठरलेला असतो : आधी यंत्रावर ठरवून दिलेला रिझॉल्व्हर, मग १.१.१.१ किंवा ९.९.९.९ सारखा एखादा सार्वजनिक रिझॉल्व्हर, आणि शेवटी डोमेनचा अधिकृत नेमसर्व्हर. तिघांची उत्तरे शेजारी ठेवली की दोष मूळ नोंदीत आहे, मधल्या कॅशमध्ये आहे की फक्त आपल्याच जाळ्यात आहे, ते बहुतेक वेळा तिथेच कळते. अधिकृत सर्व्हरला विचारल्यावर निशाणांत ‘एए’ ही अक्षरे दिसायला हवीत. ती नसतील तर आपण ज्याला अधिकृत समजत होतो तो तसा नाही. अशा वेळी ‘शोध पुढे नेण्याची विनंती केली होती, पण ती सोय उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा इशाराही छापून येतो आणि नवखा माणूस दचकतो. अधिकृत सर्व्हर फक्त आपल्याकडच्या नोंदींबद्दल बोलतो, दुसऱ्यासाठी शोध घेत नाही, एवढेच त्याचे तात्पर्य. ‘+नोरिकर्स’ जोडले की इशारा जातो.

‘+ट्रेस’ हा पर्याय तर केवळ शिकण्यासाठीही चालवून पाहावा. मधल्या रिझॉल्व्हरवर न विसंबता डिग स्वतः मुळापासून निघते. ‘ए’पासून ‘एम’पर्यंतच्या तेरा नावांच्या रूट सर्व्हरांपैकी एकाला विचारते, तो ‘.कॉम’च्या सर्व्हरांकडे बोट दाखवतो, ते डोमेनच्या नेमसर्व्हरांकडे, आणि शेवटच्या टप्प्यावर खरी नोंद हाती येते. प्रत्येक टप्प्याखाली कोणाकडून किती बाइट किती वेळात आले तेही लिहिलेले असते, त्यामुळे साखळी कुठे तुटते ते नजरेस येते. मात्र या पर्यायाची एक मर्यादा फारशी बोलली जात नाही. वाटेतल्या नेमसर्व्हरांच्या नावांचे पत्ते काढण्यासाठी डिग तेव्हाही यंत्रावरच्या नेहमीच्या रिझॉल्व्हरचीच मदत घेते. तो रिझॉल्व्हरच बिघडलेला असेल तर ‘+ट्रेस’ मध्येच अडखळते आणि दोष भलत्याच टप्प्यावर असल्याचा भास होतो.

निकालाच्या शब्दांकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत, पण निदानाचे अर्धे काम तिथेच होते. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे त्या नावाचे काहीच अस्तित्वात नाही. ‘नोएरर’ असूनही उत्तरांची संख्या शून्य असेल तर नाव आहे, पण आपण मागितलेल्या प्रकारची नोंद नाही; उदाहरणार्थ, पत्ता आहे पण ईमेलसाठीची एमएक्स नोंद नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हरने तुम्हाला उत्तर द्यायचे नाकारले. ‘सर्व्हफेल’ सर्वांत त्रासदायक, कारण त्यामागे कारणे अनेक असू शकतात आणि त्यांतले नेहमीचे एक म्हणजे डीएनएसएसईसीच्या, म्हणजे नोंदींचा खरेपणा पटवणाऱ्या डिजिटल, सहीची पडताळणी फसणे. इथे एक युक्ती कामी येते : तीच कमांड ‘+सीडी’ जोडून, म्हणजे पडताळणी न करण्याची विनंती करून, पुन्हा द्यावी. आता उत्तर व्यवस्थित आले तर नोंदी जागेवर आहेत आणि घोटाळा सहीत आहे. अलीकडच्या आवृत्त्या २०२० च्या आरएफसी ८९१४ नुसार सर्व्हरने पाठवलेले सविस्तर कारणही दाखवतात, आणि या एका सुधारणेने रात्री-अपरात्रीची बरीच डोकेफोड वाचली आहे. पडताळणी यशस्वी झाली असेल तर रिझॉल्व्हर ‘एडी’ हे निशाण लावतो. पण तो त्या रिझॉल्व्हरचा शब्द आहे, डिगने स्वतः काही पडताळलेले नसते. स्वतः पडताळून पाहायचे असेल तर बाइंडसोबतच येणारे ‘डेल्व्ह’ वापरावे.

नकाराचेही कॅश होते, ही गोष्ट काम करणाऱ्यांना अनेकदा चटका लावून जाते. नोंद तयार करण्याआधीच उतावीळपणे रिझॉल्व्हरला तिच्याबद्दल विचारले, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही तो काही काळ जपून ठेवतो. हा काळ डोमेनच्या एसओए नोंदीतल्या शेवटच्या आकड्यावरून आणि त्या नोंदीच्या स्वतःच्या मुदतीवरून, दोहोंत जो लहान असेल त्याप्रमाणे ठरतो. १९९८ च्या आरएफसी २३०८ ने हे नियम घालून दिले. नवी नोंद लावताना चौकशी थेट अधिकृत सर्व्हरकडे करावी, म्हणजे ही आफत ओढवत नाही.

डोमेन विकत घ्यायचे आहे, ते मोकळे आहे का, हे पाहण्यासाठी कोणी डिग वापरत असेल तर त्याला थांबवले पाहिजे. ‘एनएक्सडोमेन’ आले म्हणजे नाव मोकळे आहे असे ठरत नाही. नाव नोंदवलेले असते, पण मुदत उलटल्याने किंवा एखाद्या वादामुळे नोंदणीदाराने (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीने) ते रोखून धरलेले असते, किंवा त्याला नेमसर्व्हरच जोडलेले नसतात. अशा वेळी डीएनएसमध्ये त्याचा मागमूस नसतो. नोंदणीची माहिती हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी ‘हूइज’ ही वेगळी कमांड आहे. तिचा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचा करार, इतका साधा आहे की त्याला करार म्हणणेही जड जाते : ४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करायची, नाव पाठवायचे, साधा मजकूर परत घ्यायचा. मजकुराचा नमुना ठरलेला नाही, त्यामुळे प्रत्येक नोंदणी संस्था आपल्या पद्धतीने तो लिहिते, आणि ते उत्तर प्रोग्रामने वाचणे म्हणजे कायमची डोकेदुखी. युरोपीय महासंघाचा माहिती-संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर मालकाचे नाव आणि संपर्क बहुतेक ठिकाणी झाकले गेले. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण हूइजचे जुने आकर्षण त्याबरोबर संपले. नोंदणीची आणि मुदतीची तारीख, नोंदणीदार, स्थितीचे शेरे आणि नेमसर्व्हर एवढी माहिती आजही मिळते.

हूइजची जागा आता आरडीएपी घेत आहे. २०१५ साली प्रमाणित झालेली ही पद्धत एचटीटीपीएसवरून जेसन या, प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या, स्वरूपात उत्तर देते, आणि ‘.कॉम’सारख्या सर्वसाधारण शीर्षडोमेनांसाठी हूइज चालवण्याचे बंधन २८ जानेवारी २०२५ पासून उरलेले नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये हूइज पेरून ठेवलेले असेल तर ती बदलण्याचे काम पुढे ढकलू नये. नोंदणी कोणाची आणि कधीपर्यंत हे आरडीएपीला विचारावे, नाव आत्ता कुठे नेते हे डिगला विचारावे.

स्क्रिप्टमध्ये डिग वापरताना ‘+शॉर्ट’ हा पर्याय मोह घालतो. तो सगळा पसारा बाजूला सारून फक्त पत्ता देतो, आणि हाताने चटकन पाहण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे काही नाही. पण त्याच्या भरवशावर स्वयंचलित काम सोपवणे धोक्याचे आहे. सीनेमची, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदींची, साखळी असेल तर टोपणनावे आणि पत्ते एकाखाली एक येतात आणि कोणती ओळ कशाची हे लिहिलेले नसते. नाव अस्तित्वात नसेल किंवा फक्त त्या प्रकारची नोंद नसेल, तरी दोन्ही वेळा सारखेच रिकामे उत्तर मिळते. सर्व्हरशी संपर्कच झाला नाही, तर ‘;;’ ने सुरू होणारा त्रुटीचा मजकूर नेहमीच्याच आउटपुटमध्ये छापला जातो आणि बेसावध स्क्रिप्ट तो पत्ता समजून पुढे पाठवते. भरीस भर म्हणजे ‘एनएक्सडोमेन’ आले तरी डिगचा निर्गमन संकेत (काम संपल्यावर स्क्रिप्टला मिळणारा आकडा) शून्यच असतो, कारण उत्तर मिळाले म्हणजे काम यशस्वी, अशी त्याची व्याख्या आहे. सर्व्हरने काहीच उत्तर दिले नाही तरच ९ येतो. तर्काला धरून असले तरी शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या अपेक्षेविरुद्ध हे वागणे आहे. त्याऐवजी ‘+नोऑल +आन्सर’ ही जोडी वापरावी, म्हणजे मुदत व प्रकार यांच्यासह पूर्ण ओळ मिळते; नव्या आवृत्त्यांत ‘+वायएएमएल’ असल्यास उत्तमच. रोजचे आवडीचे पर्याय घरच्या फोल्डरमधील ‘.डिगआरसी’ या फाइलमध्ये लिहून ठेवता येतात.

इतर साधनांच्या तुलनेत पाहिले तर ‘एनएसलुकअप’ची जमेची बाजू एकच : ते विंडोजवर आयते मिळते. मुदत पाहायची तर त्याला खास सांगावे लागते, आणि ‘अनधिकृत उत्तर’ हे त्याचे शब्द कितीतरी लोकांना विनाकारण काळजीत टाकतात, जेव्हा त्याचा अर्थ फक्त ‘कॅशमधून’ एवढाच असतो. ‘होस्ट’ सुटसुटीत आहे. अमक्याचा पत्ता तमका, असे पूर्ण वाक्य लिहून ते पत्ते आणि ईमेलची नोंद एका झटक्यात देते, आणि पुष्कळांना त्याहून जास्त काही लागतही नाही. एनएलनेट लॅब्सचे ‘ड्रिल’ आणि चेक प्रजासत्ताकातील सीझेड.एनआयसीच्या नॉट डीएनएस प्रकल्पाचे ‘केडिग’ ही डिगच्याच वळणाची साधने आहेत. कूटबद्ध डीएनएसची चाचणी करण्यात केडिग बराच काळ पुढे होते, बाइंडच्या ९.१८ या मालिकेपासून डिगलाही ‘+टीएलएस’ आणि ‘+एचटीटीपीएस’ हे पर्याय मिळाल्याने ते अंतर मिटले आहे. रंगीत, नेटके उत्तर देणारी नवी साधनेही आली आहेत. दिसायला ती देखणी आहेत, पण परक्या सर्व्हरवर लॉगिन केल्यावर डिग तिथे असण्याची शक्यता त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि माझ्या लेखी तो मुद्दा रंगापेक्षा मोठा आहे.

‘-एक्स’ दिल्यावर पत्त्यावरून नाव शोधता येते; पत्ता उलटा करून त्याला ‘इन-अॅड्र.आर्पा’ जोडण्याचे किचकट काम डिग स्वतः करते. ‘टीएक्सटी’ विचारून, डोमेनच्या नावाने ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे सांगणाऱ्या एसपीएफसारख्या नोंदी पाहता येतात. ‘एनी’ विचारून सगळ्या नोंदी एकदम मिळवण्याची जुनी सवय मात्र सोडावी, कारण २०१९ च्या आरएफसी ८४८२ नंतर अनेक सर्व्हर अशा प्रश्नाला जाणीवपूर्वक त्रोटक उत्तर देतात. देवनागरीतले डोमेन नाव थेट टाकल्यास, अशा नावांचा आधार घालून तयार केलेल्या प्रतीत डिग त्याचे ‘एक्सएन’ने सुरू होणारे रोमन रूप आपोआप करून घेते, तसा आधार नसेल तर ते रूप आपणच शोधून टाकावे लागते.

तक्रारीची सर्वांत मोठी जागा अशी की डिगला जे दिसते ते ब्राउझरला दिसेलच असे नाही, आणि डिग याची कुठेही जाणीव करून देत नाही. ते यंत्रावरची ‘होस्ट्स’ फाइल वाचत नाही, त्यामुळे तिथे एखादे नाव हाताने दुसरीकडे वळवलेले असेल तर डिग खुशाल मूळ पत्ता सांगते आणि ब्राउझर भलतीकडेच जातो. अर्धवट नावाला संस्थेचे डोमेन जोडण्याची सोयही ‘+सर्च’ म्हटल्याशिवाय ते वापरत नाही. मॅकवर व्हीपीएन चालू असताना वेगवेगळ्या डोमेनांसाठी वेगवेगळे रिझॉल्व्हर ठरलेले असतात. डिग ती वाटणी पाळत नाही. ब्राउझरने स्वतःच एचटीटीपीएसवरून परस्पर दुसऱ्या रिझॉल्व्हरला विचारण्याची सोय चालू केली असेल, तर दोघे दोन निराळ्या ठिकाणी चौकशी करत असतात. लिनक्सवर सर्व्हरचा पत्ता १२७.०.०.५३ असा दिसला तर उत्तर सिस्टिमडी या लिनक्समधील व्यवस्थेच्या स्थानिक रिझॉल्व्हरने दिले आहे, पुढे त्याने कोणाला विचारले ते डिगला ठाऊक नसते. प्रोग्रामला नेमके काय मिळते हे पाहायचे असेल तर लिनक्सवर ‘गेटएंट होस्ट्स’ आणि मॅकवर ‘डीएसकॅशेयूटिल’ वापरावे, आणि ते उत्तर डिगच्या उत्तराशेजारी ठेवून वाचावे.

माहितीपुस्तिका पूर्ण आहे, पण शिकवणारी नाही. पर्यायांची लांबलचक यादी वर्णक्रमाने दिलेली आहे. त्यांतले रोज लागणारे सात-आठ कोणते आणि आयुष्यात एकदाच लागणारे कोणते, याचा तिथे पत्ता लागत नाही. उत्तर न देणाऱ्या सर्व्हरपुढे डिग प्रत्येकी ५ सेकंदांचे ३ प्रयत्न करत निमूट बसून राहते; घाईच्या वेळी ‘+टाइम=२ +ट्राइज=१’ जोडलेले बरे. वापरण्याआधी ‘डिग -व्ही’ देऊन आवृत्ती तपासावी, कारण मॅकसोबत येणारी प्रत बरीच जुनी असते आणि वर सांगितलेले ‘+वायएएमएल’, ‘+एचटीटीपीएस’ यांसारखे पर्याय तिला कळत नाहीत. होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या साधनातून ‘बाइंड’ बसवले की ही अडचण दूर होते.